डावी चप्पल

त्यांचे दोन पाय दोन वेगळ्या माणसांचे वाटायचे. उजवा चारचौघांसारखा, एखाद्या कारकुनाचा म्हणून सहज खपला असता. डावा काळवंडलेला, टाचेला भेगा, आणि तळवा इतका जाड की एकदा त्यात ड्रॉइंग पिन घुसली ती त्यांना चहा पिऊन झाल्यावर कळली. कारण साधं होतं. त्यांची डावी चप्पल दिवसातला अर्धा वेळ पायात नसायची. ती पॉवरहाउसमधल्या कुठल्यातरी स्विचच्या दांड्यावर लटकत असायची.

आमचं विद्यापीठ खडवलीच्या पुढे, डोंगराच्या पोटाशी आहे. नाव सांगत नाही. सांगितलं तर नोटीस येईल, आणि नोटिसा कशा लिहितात हे मला चांगलं माहीत आहे, कारण बरीच वर्षं त्या मीच लिहायचो. मी तिथे सहायक कुलसचिव होतो. वर्तकनगरहून रोज जायचो, फायली सरकवायचो, परत यायचो. विद्यापीठाच्या माहितीपत्रकावर मोठ्या अक्षरांत छापलेलं असायचं: 'आमची वीज आम्ही बनवतो, आमचं पाणी आम्ही शुद्ध करतो.' त्या ओळीतले 'आम्ही' कोण, हे विचारायची मला सात-आठ वर्षांत कधी बुद्धी झाली नाही.

ते 'आम्ही' म्हणजे तो डाव्या चपलेचा माणूस आणि त्याच्या हाताखालचे आठ-नऊ जण. गच्च्यांवरच्या सोलर प्लेटा, बसएवढे दोन जनरेटर, मेसच्या उरल्यासुरल्या अन्नावर चालणारा गॅस प्लांट, दोन बोअर, एक शेततळं, डोंगरावरची पाण्याची टाकी आणि सगळ्यात खाली सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट, ज्याचं पाणी बागेला जायचं. बाहेरची वीज यायची, पण आमच्या बाजूला ती यायची तशी जायची. गेली की हे लोक घरची वीज सोडायचे. बाहेरची आणि घरची, हे त्यांचेच शब्द. लाईट म्हणालेलं त्यांना खपायचं नाही. कोणी फोनवर "काका, लाईट गेली" म्हणालं की ते म्हणायचे, "लाईट म्हणजे दिवा. दिवा जागेवर आहे. वीज गेलीय. वीज म्हण, मग देतो." आणि खरंच म्हणायला लावायचे. एका विभागप्रमुखांनी रागाने फोन आपटला, तर त्यांच्या केबिनला सगळ्यात शेवटी वीज आली.

मुलं त्यांना 'मेनस्विच' म्हणायची. तोंडावर काका. साठीला टेकलेले, अंगात कायम खाकी हाफशर्ट, कानावर पेन आणि हातात हातभर लांबीचा स्क्रू ड्रायव्हर. तो स्क्रू ड्रायव्हर खोलण्यापेक्षा ऐकण्यासाठीच जास्त वापरायचे. टोक पंपावर, मूठ कानाला आणि डोळे मिटलेले. मग निदान: "बेअरिंग पंधरा दिवसांत जाणार." आम्ही त्याची नोंद घ्यायचो नाही. पंधरा दिवसांनी बेअरिंग जायचं. मग आम्ही त्यांनाच कारणे दाखवा नोटीस द्यायचो.

नवा प्राध्यापक रुजू झाला की ओळखपत्र मिळायच्या आधी त्याने पॉवरहाउसला एक चक्कर मारायची, हा त्यांचा स्वतःचा नियम. कुठल्याही परिपत्रकात तो नव्हता, तरी पाळला जायचा, कारण न पाळणाऱ्याच्या खोलीतला पंखा काही ना काही कारणाने फिरायचा नाही. तिथे गेलं की ते एकच प्रश्न विचारायचे, "तुमच्या वर्गातला पंखा कुठून फिरतो?" विद्युत अभियांत्रिकीचे एक डॉक्टरेटवाले सर होते, त्यांनी पाच मिनिटं फॅरेडेपासून सांगितलं. काका शांतपणे ऐकत राहिले. मग त्यांचा दंड धरून त्यांना पॅनलपुढे नेलं आणि एक दांडा दाखवला. "इथून," ते म्हणाले. "फॅरेडे देवमाणूस, पण तो सुट्टीवर आहे. सध्या इथून."

'वीज कोणाला सर म्हणत नाही' हे त्यांचं आवडतं वाक्य. ते त्यांनी पॉवरहाउसच्या दारावर खडूने लिहून ठेवलं होतं. पुसट झालं की पुन्हा गिरवायचे.

आणि खोडकर किती! सांडपाण्याच्या प्लांटमागे त्यांनी वांगी लावली होती. चकचकीत, काटेरी देठांची, बघताच भरून करावीशी वाटतील अशी. दोन महिने दर शनिवारी ती कुलगुरूंच्या बंगल्यावर जायची. कुलगुरूंच्या बाईंनी खूप कौतुक केलं, बी कुठलं म्हणून विचारलं. तेव्हा यांनी सांगितलं, "बी साधंच आहे हो. पाणी मुलांच्या हॉस्टेलचं आहे." त्यानंतर वांगी बंद झाली आणि प्लांटची तपासणी तीनदा झाली. तिन्ही वेळा पाणी उत्तम निघालं. कुलगुरूंना पचलं नाही ते वांगं नव्हतंच.

पण मला खरी चीड येते ती वाटपाची गोष्ट आठवली की. बाहेरची वीज गेल्यावर जनरेटर सगळ्या इमारतींना पुरायचे नाहीत. मग कोणाला आधी आणि कोणाला मागून? प्रशासनाने एक यादी करून दिली होती. पहिला नंबर प्रशासकीय इमारत, दुसरा सभागृह, तिसरा अतिथीगृह. मुलींचं हॉस्टेल सातवं. ती यादी मीच टाइप केली होती. काकांनी ती वाचली, घडी घातली, खिशात ठेवली आणि आपली यादी चालू ठेवली. पहिल्यांदा हॉस्टेलचे पाण्याचे पंप, मग प्रयोगशाळेचे फ्रीज, मग मेस, मग ग्रंथालय. एसी असलेली आमची इमारत सगळ्यांच्या मागून. एप्रिलच्या उन्हात कुलसचिव घामाने निथळत खिडकीत उभे राहायचे आणि मला म्हणायचे, "तुमचा तो मनुष्य मला मारणार आहे." मी मेमो लिहायचो. काकांकडे मेमोंसाठी भिंतीत खास खिळा होता. आधी वाचायचे, मग खिळ्याला टोचायचे आणि नंतर त्याला ऑइलचे हात पुसायचे.

एकदा मी स्वतः मेमो घेऊन गेलो होतो. तेव्हा त्यांनी मला बसवून चहा दिला आणि म्हणाले, "तू शिकलेला आहेस. मला एक सांग, पाणी वरून येतं का?"

"टाकी वर आहे ना, काका."

"वर चढवतं कोण? खालून आम्ही चढवतो तेव्हा ते वरून येतं. तुम्ही लोक वर बसता म्हणून तुम्हाला वाटतं सगळं वरून येतं."

मी हसलो. हसून सोडून देणं हे माझ्या नोकरीचं मुख्य काम होतं.

आता चप्पल. तार किंवा केबल दुरुस्त करायला माणूस बाहेर जातो तेव्हा आधी पॉवरहाउसमधला त्या बाजूचा दांडा खाली पाडतो. तो दांडा दुसऱ्या कोणी चुकून वर केला तर बाहेरचा माणूस गेला. म्हणून सगळीकडे 'काम चालू आहे' असे लाल बोर्ड असतात. आमच्याकडेही होते. पण काकांचा बोर्डावर विश्वास नव्हता. डोंबिवलीला ते पूर्वी एका कारखान्यात होते. तिथे असा बोर्ड महिनोन् महिने एकाच जागी लटकून होता, काम असो वा नसो. मग एके दिवशी खरंच काम होतं. कोणीतरी सवयीने बोर्ड बाजूला सारला आणि दांडा वर केला. गेला तो यांचा जोडीदार होता, रोज एका डब्यात जेवणारा.

"बोर्ड कंपनीचा असतो," काका सांगायचे. "कोणीही लावतो, कोणीही काढतो. चप्पल माणसाची असते. चप्पल दिसली म्हणजे तो माणूस बाहेर एका पायाने अनवाणी उभा आहे. ती तो चढवल्याशिवाय घरी जाणार नाही."

म्हणून त्यांच्याकडचा नियम असा: दांडा पाडला की स्वतःची डावी चप्पल त्यावर अडकवायची. काम संपलं की ज्याने अडकवली त्यानेच उतरवायची. दुसऱ्या कोणी, अगदी काकांनीही, हात लावायचा नाही. चप्पल आहे तोवर दांडा खाली, मग ब्रह्मदेव आला तरी. एकट्या चपलेला चोरही हात लावत नाही. वायरमन, प्लंबर, सगळे हा नियम पाळायचे. परिसरात कोणी एका पायात चप्पल घालून चालताना दिसला की मुलंसुद्धा समजायची, कुठेतरी वीज बंद आहे.

आता कोणी शहाणा म्हणेल, कुलूप का नाही लावायचं? दांड्याला कुलूप आणि किल्ली काम करणाऱ्याच्या खिशात, अशी पद्धत असते. काकांनाही ती ठाऊक होती. त्यांनी तीनदा लेखी मागणी केली. तीनही अर्ज माझ्या टेबलावरून गेले. तिसऱ्या वेळी खरेदी विभागाने एक डझन कुलपं पाठवली. काकांनी ती टेबलावर मांडली, एक किल्ली उचलली आणि त्या एका किल्लीने बाराही कुलपं माझ्यासमोर उघडून दाखवली. स्वस्तातला लॉट होता. मी म्हणालो, "बदलून मागवतो." मागवली नाहीत. विसरलो, असं मी बरीच वर्षं म्हणत आलो. खरं तर विसरलो नव्हतो, कंटाळा केला होता.

मग मूल्यांकन समिती यायची ठरली.

ज्यांनी ती लगीनघाई पाहिली नाही त्यांना सांगून पटायचं नाही. कुंड्या भाड्याने आल्या. झाडांच्या बुंध्यांना गेरू-चुना लागला. ग्रंथालयातली पुस्तकं उंचीप्रमाणे लावली गेली. 'स्वयंपूर्ण परिसर' हा आमचा हुकमाचा एक्का होता, त्यामुळे पॉवरहाउसची फेरी ठरलेलीच. कुलसचिवांनी मला दोन गोष्टी सांगितल्या. एक, तो मनुष्य समितीसमोर येता कामा नये. दोन, पॅनलवर ती चपलांची लक्तरं दिसता कामा नयेत. दारावरचं खडूचं वाक्य मी आदल्या दिवशीच ओल्या फडक्याने पुसलं. त्या दिवशी सकाळी काकांना निरोप दिला, सांडपाण्याच्या प्लांटवर थांबा, समिती आधी तिकडे येणार आहे. समिती तिकडे जाणारच नव्हती.

त्याच सकाळी मुलींच्या हॉस्टेलमागच्या पेटीत केबलचा जोड तापून वास यायला लागला. जनार्दन वायरमन ते बघायला निघाला. जनार्दन खडवलीचाच, चाळिशीचा, शेती सांभाळून नोकरी करणारा, काकांचा उजवा हात. जाताना मला म्हणाला, "साहेब, हॉस्टेलचा फीडर पाडलाय. अर्ध्या तासाचा काम हाय. पाहुनं येतील तवर झाला तर झाला, नाय तर थांबवा त्यांना." त्याने नवीकोरी निळ्या पट्ट्याची चप्पल हॉस्टेलच्या दांड्याला अडकवली आणि एका पायाने लंगडल्यासारखा उन्हात चालत गेला. मी त्याला जाताना पाहिलं. हे मी मुद्दाम लिहितो आहे. मी पाहिलं.

वीस मिनिटांत समितीच्या गाड्या वळणावर दिसल्या. कुलसचिवांचा फोन आला, "सगळं क्लिअर आहे ना?" पॅनल ऑपरेटर बाहेर पुष्पगुच्छ धरून उभा होता. मी आत एकटाच होतो. समोर पुसून लख्ख केलेलं राखाडी पॅनल आणि त्याच्या मधोमध ती निळी चप्पल. मी ती काढली आणि माझ्या ऑफिसच्या बॅगेत टाकली. मनात म्हटलं, पाच मिनिटांचा प्रश्न आहे, ते गेले की परत अडकवू. काकांच्या नियमात 'पाच मिनिटं' असा काही प्रकार नव्हता. तो प्रकार आमच्या ऑफिसातला होता.

समिती आली. पाच जण होते. त्यातल्या एकांनी पॅनलवरचे दिवे बघत विचारलं, "हा एकच फीडर बंद का? बिघाड आहे का?" कुलसचिव हसले. "नाही सर, काही बिघाड नाही. चालू करा रे."

ऑपरेटरने दांड्याकडे पाहिलं. चप्पल नव्हती. त्याने माझ्याकडे पाहिलं. माझ्या बॅगेत चप्पल होती. मी कुलसचिवांकडे पाहिलं. एवढं सगळं व्हायला दोन-तीन सेकंद लागले असतील. 'थांबा' हा दोन अक्षरी शब्द आहे. मला नोटिशीत तीन-तीन पानं लिहिता येत होती आणि दोन अक्षरं तोंडातून निघाली नाहीत. अर्धा तास होत आला आहे, जनार्दनचं काम झालंच असेल, असं मी स्वतःला त्या दोन-तीन सेकंदांत पटवलं. ऑपरेटरने दांडा वर केला.

लांबून फटाका फुटल्यासारखा आवाज आला. समितीतल्या कोणालाही तो कळला नाही.

जनार्दन वाचला. उजवा हात मनगटाच्या वरून काढावा लागला. त्याला गाडीत घालून कल्याणला नेत होते, तेव्हा समिती जेवायला बसली होती. श्रीखंड-पुरी होती. मी वाढणाऱ्यांवर देखरेख करत होतो, आणि बॅग माझ्याजवळच होती. आम्हाला वरचा दर्जा मिळाला. त्याचा फलक अजून गेटवर आहे.

मग चौकशी झाली. आमच्यातल्याच तिघांची समिती. ऑपरेटरने सांगितलं, "चप्पल नव्हती साहेब. असती तर मी हातच लावला नसता, मला कायदा माहितीय." ते खरंच होतं. जनार्दन हॉस्पिटलातून सांगत होता, "मी लावली व्हती." तेही खरंच होतं. अहवालात दोन वाक्यं आली. पहिलं, कर्मचाऱ्याने वीजपुरवठा बंद ठेवल्याची खूण न लावता काम सुरू केलं. दुसरं, विभागप्रमुखाने, म्हणजे काकांनी, अशास्त्रीय प्रथा चालू ठेवल्या, कुलपांचा वापर केला नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी. तो मजकूर मी टाइप केला नाही, एवढंच. मी फक्त तपासला आणि शुद्धलेखनाच्या दोन चुका काढल्या.

काकांना नोकरी सोडायला पंधरा दिवसांची मुदत मिळाली. त्या पंधरा दिवसांत त्यांनी एकच काम केलं. ते परिसरातल्या प्रत्येक माणसाला भेटले. माळी, शिपाई, मेसमधल्या बायका, वॉचमन, प्राध्यापक, खुद्द कुलसचिव. समोर उभं राहायचे आणि विचारायचे, "चप्पल कोणी काढली?" आवाज चढवायचे नाहीत. उत्तर ऐकायचे आणि पुढच्या माणसाकडे जायचे. कुलसचिव म्हणाले, "तुमची चप्पल सांभाळायला मी बसलेलो नाही." कुलगुरूंच्या बाईंनाही विचारलं म्हणतात.

मला मात्र विचारलं नाही.

मी वाट बघत होतो. रोज ठरवायचो, आज विचारतील आणि मी सांगून टाकीन. शेवटच्या दिवशी ते माझ्या टेबलाशी आले, चाव्या जमा केल्या, पोचपावती घेतली आणि गेले. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, असं मी पुढची चार वर्षं स्वतःला सांगत राहिलो. त्यांच्यावरच चिडलो होतो मी. सगळ्या जगाला विचारलं, मला का नाही? माणूस स्वतःच्या भित्रेपणाचा राग दुसऱ्यावर कसा काढतो, ते पाहायचं असेल तर माझ्याकडे पाहावं.

चप्पल घरी वर्तकनगरला माळ्यावर होती, जुन्या मिक्सरच्या खोक्यात. दर दिवाळीला साफसफाई करताना बायको विचारायची, "ही एकच कुणाची?" मी म्हणायचो, "राहू दे."

जनार्दनने ठाण्याला कोर्टात दावा लावला होता. हात गेला तो त्याच्या चुकीने नव्हे, हे त्याला सिद्ध करायचं होतं. नोकरी गेली होती, पण त्याहून जास्त त्याला 'खूण लावली नाही' हे वाक्य सलत होतं. मी तोवर उपकुलसचिव झालो होतो. गेल्या उन्हाळ्यात विद्यापीठाचे कागद घेऊन मलाच तारखेला पाठवलं. बाहेर बाकावर दोघं बसले होते. काका पार वाळले होते, शर्ट मात्र इस्त्रीचा. जनार्दनच्या डाव्या हातात वडापाव होता आणि काका चटणीची पुडी त्याला सोडून देत होते. आत आमच्या वकिलांनी विचारलं, "चप्पल लावल्याचा काही पुरावा?" जनार्दन म्हणाला, "नाय." पुढची तारीख निकालाच्या आधीची शेवटची होती.

मी जिन्यावरून उतरलो तेव्हा काकांनी माझ्याकडे पाहिलं. 

रविवारी मी माळ्यावरून खोकं काढलं आणि कोपरला काकांच्या घरी गेलो. काका खाली सोसायटीच्या पंपाशी उकिडवे बसले होते, स्क्रू ड्रायव्हर कानाला. मी पिशवीतून चप्पल काढून पुढे धरली. त्यांनी डोळे उघडले, चप्पल पाहिली, पुन्हा मिटले आणि पंप ऐकून पुरा केला.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हणालो.

"तू बॅग कायम खांद्याला लावतोस. त्या दिवशी जनार्दनला घेऊन गाडी निघाली तेव्हा छातीशी धरून उभा होतास. पोर धरल्यासारखी."

"मग मला विचारलं का नाही? सगळ्यांना विचारलंत!"

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाला असतास." ते गुडघ्यावर हात टेकून उठले. "एकदा नाही म्हटलेला माणूस पुन्हा हो म्हणत नाही रे. स्वतःच्याच शब्दाला बांधला जातो. म्हणून तुला मोकळा ठेवला. चार वर्षं लावशील असं मात्र वाटलं नव्हतं."

मी चप्पल त्यांच्या हातात द्यायला गेलो. ते एकदम मागे सरले आणि पहिल्यांदाच ओरडले. "मला कशाला देतोस? नियम विसरलास? ज्याची, त्याच्या हातात! थांब, शर्ट घालून येतो."

खडवलीला जनार्दनचं घर स्टेशनपासून लांब नाही. ओटीवर तो तांदूळ निवडत बसला होता, एका हाताने. त्याच्या बायकोने आम्हाला पाणी दिलं. मी चप्पल त्याच्यासमोर ठेवली. त्याने ती उचलली, उलटी केली, तळ पाहिला. फार झिजलेला नव्हता.

"इतकी वर्सं कुठं व्हती?"

"माझ्या घरी. माळ्यावर."

त्याची बायको आतून बाहेर आली आणि दाराला धरून उभी राहिली. मला वाटलं, आता शिवी येईल. मला ती हवी होती. आयुष्यात एखादी गोष्ट तरी मला रोखठोक मिळायला हवी होती. जनार्दनने चप्पल मांडीवर ठेवली.

"चप्पल आनलीत," तो म्हणाला. "कागद आनलाव का? कोर्टात चप्पल काय बोलनार हाय साहेब? ती तर मना कोनीबी बाजारातशी आनून दाखवीन."

कागद आणला नव्हता. मी तिथवर चप्पल परत करायला आलो होतो. रडून घ्यावं, माफी मागावी, त्याने पाठीवर हात ठेवावा आणि संध्याकाळपर्यंत आपण घरी परत. कागदाचा विचार मी केलाच नव्हता, आणि उभं आयुष्य मी कागदाशिवाय दुसरं काही केलेलं नव्हतं.

काकांनी कानावरचं पेन काढलं. जनार्दनच्या मुलीच्या वहीतलं एक पान फाडून तांदळाच्या सुपावर ठेवलं आणि सूप माझ्यापुढे सरकवलं.

"लिही."

मी लिहायला लागलो. हात सवयीने सुरुवात करू लागला, 'उपरोक्त विषयास अनुसरून.' काका वाकून वाचत होते. त्यांनी बोटाने ती ओळ दाखवली. "खोड ते. तुला चार वर्षांपूर्वी विचारायचं होतं ते आज विचारतो. चप्पल कोणी काढली?"

मी ती ओळ खोडली आणि खाली लिहिलं: चप्पल मी काढली. मग बाकीचं सगळं लिहिलं. फोन, बॅग, दोन-तीन सेकंद, एका किल्लीची बारा कुलपं. पान दोन्ही बाजूंनी भरलं. काकांनी ते सावकाश वाचलं, जनार्दनला वाचून दाखवलं आणि परत माझ्यापुढे ठेवलं.

"सही राहिली," ते म्हणाले. "आणि खाली हुद्दा घाल. एरवी तुम्ही लोक तो विसरत नाही."